मिरकरवाड्याच्या धक्क्यावर

रत्नागिरीला आम्ही आजवर गेलो ते निकाह-वलीम्यापुरते. थिबा राजवाडा पाहिला, भाट्याच्या वाळूत मुले खेळली, की परतीची गाडी. या नोव्हेंबरात मात्र वलीम्याच्या दुसऱ्या दिवशी, फज्रनंतर, राजिवड्यातील यजमान चाचा म्हणाले, "चला, बंदर दाखवतो." चाचांची हयात तांडेल म्हणून गेली आहे.

मिरकरवाड्याचा धक्का पहिल्या नजरेत आवडला. वर रत्नदुर्गाचा डोंगर, खाली एकमेकींना खेटून उभ्या नौका, आणि मध्ये भरपूर मोकळी जागा. "किती ऐसपैस आहे!" आम्ही म्हणालो. चाचा गप्प राहिले. थोडे पुढे गेल्यावर जमिनीवरचा सिमेंटचा एक चौकोन दाखवून म्हणाले, "इथं भाच्याची जाळी ठेवायची शेड होती."

बंदराच्या जागेतील तीनशेहून अधिक अनधिकृत बांधकामे जानेवारी २०२५ मध्ये पाडण्यात आली. बंदराच्या पुढच्या टप्प्यातील विकासासाठी जागा मोकळी करायची होती आणि नोटिसा आधीच आल्या होत्या. चाचा त्याबद्दल एकांगी बोलले नाहीत. "टपऱ्या फार वाढल्या होत्या. बर्फाची गाडी वळत नव्हती. पण जाळी ठेवायला जागा लागतेच ना? ती घरात मावते का?"

खरेच मावत नाही. आपण ताटातला बांगडा पाहतो. त्यामागचे जाळे किती मोठे असते, ते आम्ही त्या दिवशी पाहिले. सात-आठ खलाशी एकच जाळे ओढून पसरत होते. त्यांतले बरेच नेपाळचे, समुद्र कधी न पाहिलेल्या गावांतून आलेले. फाटलेला भाग शोधायचा, शिवायचा, पुन्हा घडी घालायची. एका फेरीचा डिझेल, बर्फ आणि रेशनचा खर्च ऐकून आम्ही दुसऱ्यांदा विचारले. जाळे शिवायचे राहिले तर हा खर्च अंगावर.

दिवसही मोजकेच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. पर्ससीन जाळ्यांना तर राज्याच्या फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने आहेत. पारंपरिक मच्छीमारांना ही मर्यादा हवी होती, मोठ्या नौकावाल्यांना ती जाचते. दोन्ही बाजूंना आपलीच माणसे आहेत, कधीकधी एकाच घरातली. चाचांनी हा विषय चटकन संपवला.

लिलावाच्या बाजूला मासळी निवडणाऱ्या बायका बसल्या होत्या. म्हाकूल वेगळे, बांगडा वेगळा. आमच्यातील एकीने एका खालाला विचारले, ऊन चढल्यावर कुठे बसता? "इथंच. बरफ मासळीला, ऊन आम्हाला." पूर्वी एका दुकानाच्या छपराखाली पाण्याचा हंडा ठेवता यायचा, आता घरून बाटली आणते. बंदर नवे होईल तेव्हा छप्पर मिळणार का, एवढेच तिने आम्हाला विचारले. आमच्याकडे उत्तर नव्हते. नकाशे आखणाऱ्यांनी सकाळी सात वाजता तिच्याशेजारी तासभर बसावे, असे मात्र वाटले.

परत निघताना चाचांनी बांगडे घेतले आणि भावावरून असे भांडले की आम्हाला संकोच वाटला. नंतर कळले, विकणारा त्यांच्या जुन्या नौकेवरचा खलाशी होता.

राजिवड्यात पोहोचलो तर अंगणातला लग्नाचा मांडव अजून उभा होता. खुर्च्या एका कडेला रचल्या होत्या, आणि सावलीत पसरलेल्या जाळ्यावर चाचांचा भाचा दोघा मुलांना घेऊन सुई चालवत होता. मांडववाला दुपारी सामान न्यायला येणार होता. "त्याला अस्रनंतर ये म्हणून सांगा," तो मान वर न करता म्हणाला, "अजून अर्धं राहिलंय."