पितळी कर्ण्याचे पोचे

ग्रामोफोनसमोर कान देऊन बसलेला तो कुत्रा सगळ्यांच्या ओळखीचा. त्याच्यापुढचा पितळी कर्णा मात्र उसनवारीतून आला. चित्रकार फ्रान्सिस बॅरॉडने त्या कुत्र्यापुढे आधी सिलिंडरवर चालणारा फोनोग्राफ आणि त्याचा काळा कर्णा रंगवला होता. चित्र जरा उजळावं म्हणून १८९९ साली तो लंडनच्या ग्रामोफोन कंपनीत पितळी कर्णा मागायला गेला. तिथले व्यवस्थापक बॅरी ओवेन म्हणाले, यंत्रच आमचं रंगव, चित्र विकत घेतो. झळाळीचा हा मोह पहिल्यापासूनचा, आणि जुन्या कर्ण्यांची सर्वांत जास्त वाट त्यानेच लावली आहे.

एडिसनच्या घरगुती फोनोग्राफांवर बहुधा १४ इंची कर्णा असे. पातळ पत्रा, उभा सांधा, तोंडाच्या कडेत वळवून घेतलेली तार. असा पत्रा पडला की पोचा आलाच. पण गंमत अशी, की लहानसहान पोचा कानाला कळत नाही. त्या काळच्या ध्वनिमुद्रणात वरचे स्वर फारसे नाहीतच. हजार कंपनांच्या स्वराची लहर हवेत सुमारे ३४ सेंटिमीटर लांब, तिला सुपारीएवढ्या खळग्याचं काय? आवाज बिघडतो तो सुटलेल्या सांध्याने, सैल कडेने. एका ठरावीक स्वरावर कर्णा खडखडला, तर पोच्याकडे न बघता आधी सांधा चाचपावा.

तरी पोचा काढायचाच असेल, तर हातोडी दूर ठेवावी. पुण्याच्या तांबट आळीत भांडं मठारतात ते ठोक्यांनी धातू कडक व्हावा म्हणून. इथे नेमकं तेच नको. पोच्यात पत्रा आधीच ताणलेला असतो. लोखंडावर ठेवून ठोकला की तो आणखी पसरतो, आणि खळग्याच्या जागी फुगवटा येतो. त्यापेक्षा आतून गुळगुळीत गोल टोकाची पोलादी सळई घ्यावी, तिला थेंबभर तेल लावावं आणि पोच्याच्या कडेपासून मध्याकडे दाबत, घासत यावं. घडीची रेघ सगळ्यांत शेवटी. निमुळत्या मानेत हात जात नाही. तिथे बँडची वाद्यं दुरुस्त करणाऱ्यांची युक्ती चालते. आत पोलादी गोळी, बाहेर जबर चुंबक. पितळ चुंबकाला दाद देत नाही, त्यामुळे गोळी आतून पत्रा दाबत फिरते.

तापवून मऊ करण्याचा मार्ग इथे बहुतेक बंद. पितळ मऊ व्हायला ४५० अंशांच्या वर जावं लागतं. सांध्याचा कथील-शिशाचा डाग १८३ अंशांनाच वितळू लागतो. म्हणजे पोचा जाईल आणि कर्णा उलगडेल. फिरत्या चाकावर चकाकी आणणंही तसंच महागात पडतं: आधीच पातळ असलेला पत्रा झिजतो, काळ्या रंगाची मूळ कडही पुसली जाते.

सर्वांत लबाड शत्रू अमोनिया. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली, की आपोआप तडकत. उलगडा १९२१ साली झाला: घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि पितळेत घडवतानाच अडकलेला ताण. पोचा पडलेल्या पत्र्यात हा ताण असतोच, दाबून बाहेर काढलेल्यात तर जास्तच. पितळ उजळायच्या काही तयार पॉलिशांत अमोनिया असतो, तेव्हा डबीवर काय लिहिलंय ते झाकण उघडण्याआधी वाचावं.