कॅम्परच्या मागच्या कॅरियरवर काय ठेवायचं? उत्तर बैलगाडीत आहे

अमेरिकेतल्या रोड ट्रिपच्या रील्स तुमच्याही फीडमध्ये येत असतील. मोठा पिकअप ट्रक, त्याच्यामागे जोडलेलं चाकांवरचं घर आणि त्या घराच्याही मागे लोखंडी जाळीवर बांधलेल्या सायकली, कूलर, जनरेटर, लाकडं. त्या चाकांवरच्या घराला तिकडे ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. त्याला स्वतःचं इंजिन नसतं, पुढची गाडी ओढेल तसं ते चालतं. आणि मागची ती जाळी म्हणजे रिअर कार्गो रॅक, आपल्या भाषेत कॅरियर.

आता बघणाऱ्याला वाटतं, जागा आहे तर भरा की सामान. गडबड इथेच होते. ट्रेलरवर सगळ्यात विचार करून भरायची जागा कुठली असेल तर ती हीच.

का, ते कळायला बैलगाडी आठवा. दोन चाकं, मध्ये आस, पुढे बैलांच्या मानेवर जू. गाडी भरताना जाणता माणूस ओझं आसाच्या थोडं पुढे ठेवतो, म्हणजे जुवावर बेताचा दाब राहतो. ओझं मागे गेलं की जू वर उचललं जातं आणि गाडी उलळते. ट्रेलरचंही तेच आहे. बैलांच्या जागी ट्रक आणि जुवाच्या जागी हिच, म्हणजे ट्रेलर जिथे ट्रकला जोडतात तो गोळा.

या हिचवर ट्रेलरचं जे वजन खाली दाबतं त्याला टंग वेट म्हणतात. नेहमीच्या ट्रॅव्हल ट्रेलरसाठी ते भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावं, असा नियम तिकडे पाळला जातो. त्याच्या खाली गेलं की वेग वाढल्यावर ट्रेलर डावी-उजवीकडे झुलायला लागतो. बाजूने मोठा ट्रक गेला किंवा वाऱ्याचा झोत आला, तरी तेवढं निमित्त पुरतं. झुलणं वाढत गेलं तर ट्रेलर ओढणाऱ्या गाडीलाही रस्त्याबाहेर घेऊन जातो.

एक हिशोब करून बघू. समजा ट्रेलर २००० किलोचा आहे आणि हिचवर २४० किलो वजन येतंय. म्हणजे १२ टक्के, एकदम व्यवस्थित. हिचपासून आस साडेचार मीटरवर आहे आणि आसापासून कॅरियर तीन मीटर मागे. आता कॅरियरवर ९० किलो सामान ठेवलं. तरफेच्या नियमाने हिचवरचं वजन ६० किलोने कमी होतं. उरले १८० किलो आणि ट्रेलर झाला २०९० किलोचा. टक्केवारी थेट साडेआठच्या आसपास! ९० किलो म्हणजे काही फार नाही. दोन इलेक्ट्रिक सायकली, एक छोटा जनरेटर आणि भरलेला कूलर, झालं.

बरं, वजन मागच्या टोकाला असण्याचा अजून एक तोटा आहे. टोकावरचं वजन एकदा झुलायला लागलं की थांबवायला जड जातं. मग पुढेही तेवढंच वजन टाकलं तर? हिचवरचा दाब भरून निघतो, पण दोन्ही टोकांना ओझं असलेला ट्रेलर डंबेलसारखा वागतो. म्हणून जड सामान आत, आसाच्या जवळ किंवा किंचित पुढे ठेवलेलं बरं.

दुसरा प्रश्न कॅरियर कशाला जोडलाय याचा. बऱ्याच ट्रेलरचा मागचा बंपर म्हणजे पातळ पत्र्याची चौकोनी पोकळ नळी असते. आत सांडपाण्याचा पाइप ठेवायची सोय, बस्स. दिसायला दणकट दिसतो, पण खड्ड्यात ट्रेलरचं मागचं टोक उसळतं तेव्हा त्याच्यावर येणारा झटका सामानाच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. वेल्डिंग तुटून बंपर, कॅरियर आणि सायकली असं सगळंच हायवेवर पडू शकतं. मागून येणाऱ्याचं काय होईल ते सांगायला नको. कारसाठी बनवलेल्या कित्येक सायकल रॅकवर ‘ट्रेलरच्या मागे लावू नका’ असं लिहिलेलं असतं, ते याचमुळे. कॅरियर ट्रेलरच्या मुख्य चासीला जोडलेला हवा आणि किती किलो चालतील हे ट्रेलर आणि कॅरियर दोन्हीच्या कंपन्यांनी दिलेलं असेल, तर त्यातला छोटा आकडा धरायचा.

मग ठेवायचं काय? जागा खाणारं पण हलकं सामान. घडीच्या खुर्च्या, चटया, रिकामा कूलर, चिखलाचे बूट, ओले टॉवेल. घरात नको वाटणारं सगळं इथे शोभतं. पेट्रोलचे कॅन आणि गॅस सिलिंडर मात्र इथे नकोत, मागून धडक बसली तर पहिला मार यांनाच. शेकोटीची लाकडंही नकोत. एक तर ती जड असतात आणि दुसरं म्हणजे लाकडातून किडी प्रवास करतात. २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडलेल्या एमराल्ड ॲश बोरर या किड्याने अमेरिकेतली कोट्यवधी ॲश झाडं मारली आणि तो पसरायला अशी लाकडं कारणीभूत ठरली. त्यामुळे लाकडं मुक्कामाच्या ठिकाणीच घ्यायची.

सामान रॅचेट पट्ट्यांनी बांधायचं, लवचिक दोऱ्यांवर भरवसा नको. नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकले जात नाहीत ना, ते बघायचं. निघाल्यावर २०-२५ किलोमीटरवर थांबून पट्ट्या पुन्हा ओढायच्या, कारण सामान बसलं की त्या हमखास सैल होतात.

आणि हिचवरचं वजन? अंदाजाने ठरवू नका. टंग वेट मोजायचा छोटा काटा मिळतो किंवा ट्रकवाल्यांच्या वजनकाट्यावर जाता येतं. पण मोजायचं ते कॅरियर भरल्यावर आणि पाण्याची टाकी प्रवासात असेल तशीच ठेवून. टाकी आसाच्या मागे असेल तर तिचं पाणीही कॅरियरच्याच बाजूने ओढतं.

एवढं करूनही वाटेत ट्रेलर झुलायला लागलाच, तर ट्रकचा ब्रेक करकचून दाबायचा नाही आणि स्टीअरिंगही इकडेतिकडे फिरवायचं नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टीअरिंग सरळ धरायचं आणि ट्रेलरच्या ब्रेकचा हाताने चालणारा कंट्रोलर असेल तर तो हळूच दाबायचा. ट्रेलर मागे खेचला गेला की सरळ होतो. मग सुरक्षित जागा बघून थांबायचं आणि कॅरियरवरचं जड सामान आत हलवायचं.