नस काढली, तरी दाढ दुखते

मैत्रिणींनो, नस काढली तर दाढ दुखते कशी, असं आम्हाला गटात विचारतात. आतली नस जाते, पण मुळाभोवतीचा भाग सुजलेला असतो. म्हणून दोन-तीन दिवस चावताना कळ येते. डॉक्टरांनी दिलेली गोळी जेवून, वेळेवर घ्यावी; दिवस गेले असतील, किडनीचा त्रास असेल तर आधीच सांगावं. गोळी दाढेत दाबू नये, हिरडी भाजते. मिसरी तर नकोच, आपल्या तीर्थपुरीत तिचाच आधार फार! सूज वाढली, ताप आला, तोंड उघडेना, तर लगेच दवाखाना गाठावा. आणि ठणका थांबला म्हणून कापूस वेचणीच्या घाईत पुढची खेप बुडवू नका. वरचं सिमेंट तात्पुरतं असतं. ते निघालं की जंतू पुन्हा आत शिरतात, मग दाढच काढायची वेळ येते. खेपेच्या खर्चासाठी गटातून कर्ज मागायला लाजू नका.