तांबडा-पांढरा नापास!

कोल्हापुरात हे वाक्य मोठ्यानं म्हणायची सोय नाही, म्हणून छापून टाकतो. वाटीत तांबडा-पांढरा रस्सा जगात भारी, पण वेबसाइटवर पांढऱ्यावर शुद्ध लाल अक्षरं लिहिली की थेट नापास. नजर कमी असलेल्यांनाही वाचता यावं म्हणून 'डब्ल्यूसीएजी' ही जागतिक नियमावली (पहिली आवृत्ती १९९९, ताजी २०२३) साध्या आकाराची अक्षरं आणि त्यांची पार्श्वभूमी यांत किमान ४.५ला १ इतका उजळपणातला फरक मागते. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१ला १, पैकीच्या पैकी. शुद्ध लाल जेमतेम ४. कट गडद करून मरूनवर न्या, लगेच ११च्या घरात! हलक्या भगव्यावर पांढरी अक्षरं ही तर उत्सवांची लाडकी जोडी. तिला मिळतात २च्या आसपास. त्याच भगव्यावर काळं लिहिलं तर ९च्या वर.

पांढऱ्यावरच्या करड्या रंगाची गंमत आणखी निराळी. रंगाचा क्रमांक ७६७६७६ असेल तर पास, ७७७७७७ असेल तर नापास. नुसत्या डोळ्यांनी फरक ओळखून दाखव, भावा!

वेबसाइटच्या तपासणीचं सगळ्यात स्वस्त यंत्र कीबोर्डच्या डाव्या कडेला बसलंय : टॅब. माउस बाजूला ठेवा आणि एखादा सरकारी किंवा बँकेचा फॉर्म फक्त टॅब दाबत भरून बघा. आपण कुठल्या रकान्यात आहोत ते कळतंय का? जन्मतारखेच्या कॅलेंडरात शिरल्यावर बाहेर पडता येतंय का? ज्यांचा हात थरथरतो किंवा ज्यांना पडद्यावरचा बाणच दिसत नाही, त्यांचा रोजचा रस्ता हाच. पाच मिनिटांत तुम्हीच वैतागाल.

कॉलेजच्या वेबसाइटवर नोटिशीशेजारी वर्षभर लुकलुकणारं 'नवीन!' आठवतंय? पाच सेकंदांहून जास्त लुकलुकणाऱ्या किंवा सरकणाऱ्या गोष्टी थांबवायची सोय हवी, असा याच नियमावलीत नियम आहे. सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा चमकणं तर साफ मना. त्यामागचा धोका खरा आहे : १९९७च्या डिसेंबरात जपानमध्ये 'पोकेमॉन'च्या एका भागातल्या लाल-निळ्या लखलखाटानं शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं.

आता आपल्या घरचं दुखणं. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला स्क्रीन रीडर म्हणतात. त्यातलं 'एनव्हीडीए' एका अंध ऑस्ट्रेलियन तरुणानं २००६मध्ये सुरू केलं. ते फुकट आहे आणि मराठीही वाचतं. पण मजकूर युनिकोडमध्ये असेल तरच! जुन्या कृतिदेव फॉन्टात आपल्याला 'महा' दिसतं, आत मात्र 'ई-जी-के' ही इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात. स्क्रीन रीडर बिचारा तेच वाचतो. स्कॅन करून चढवलेला शासन निर्णय तर त्याच्या लेखी नुसतं चित्र. शिक्के-सह्या ठळक दिसतात, ऐकू येत नाही एक ओळ. आणि पानाची भाषा मराठी आहे हे संगणकाला सांगायला विसरलात, तर लिपी एकच असल्यानं तो खुशाल हिंदी थाटात वाचत सुटू शकतो.

हे सगळं हौसेचं काम नाही. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६चा, त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. ३० एप्रिल २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. वाद पेटला होता ओळख पटवायच्या 'केवायसी'वरून : कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावा म्हणे! ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या बाईनं ते कसं करायचं?

दिव्यांगांसाठीचं काम कोल्हापूरला नवं नाही. नसीमा हुरजूक यांनी 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था १९८४मध्ये कोल्हापुरातच उभी केली. पण चाकाची खुर्ची अडवणारी पायरी निदान येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते. वेबसाइटची पायरी तिच्यावर आपटणाऱ्यालाच कळते. तपासणीच्या सॉफ्टवेअरलाही अशा सगळ्या पायऱ्या कळत नाहीत. रंकाळा तलावाच्या फोटोचं वर्णन म्हणून कुणी 'आमची म्हैस' लिहिलं, तरी वर्णन आहे म्हणून ते मान डोलावू शकतं. म्हणून शेवटची तपासणी वापरणाऱ्या माणसाकडूनच करून घ्यावी लागते. आणि तिची रीतसर फी द्यावी. चहा-मिसळीवर भागवू नये.