यंत्रपरिचय (लेखांक 14) : सायलेन्सर या नावाआड

एक भाग पेट्रोल नीट जळावयाचे तर वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते आणि हे प्रमाण मोटारीचा संगणक क्षणोक्षणी सांभाळीत असतो, येथवर गेल्या लेखांकात आपण आलो होतो. आता त्या ज्वलनातून जे उरते ते बाहेर वाहून नेणाऱ्या नळीकडे वळावयाचे. लातूरच्या गंजगोलाईपासून नांदेडच्या हिंगोली गेटापर्यंत या नळीला ‘सायलेन्सर’ हे एकच नाव आहे, आणि थट्टेत ‘पुंगळी’. वस्तुतः इंजिनाकडून निघाले असता प्रथम सर्व सिलिंडरांचा धूर एकत्र आणणारा मॅनिफोल्ड, मग उत्प्रेरकाची पेटी, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, तिच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असे दोन प्राणवायुमापक, इंजिनाचे हेलकावे सोसण्यासाठी केलेला विणीचा लवचिक सांधा, आणि सर्वांत शेवटी, या नावावर ज्याचा खरोखर हक्क आहे तो, आवाज दाबणारा डबा, असा हा लांबलचक परिवार आहे. पण साऱ्या घराला धाकट्याचेच नाव पडले. नाव असे पडल्यामुळे आवाज दाबणे एवढेच या परिवाराचे काम असा समज आपोआप रूढ झाला, आणि मधला एखादा तुकडा गाळला तर फार तर आवाज थोडा वाढेल, असे मोटारीचा मालक बिनदिक्कत मानू लागला.

माझीही समजूत याहून निराळी नव्हती, हे कबूल केले पाहिजे. दोन वर्षांपूर्वी वैशाखात एका लग्नाला लातूरहून नांदेडास निघालो असता चाकूरच्या अलीकडे एका गतिरोधकावर मोटारीचे पोट घासले, खाली काहीतरी तुटल्याचा आवाज झाला, आणि तेथून पुढे माझी 2018 सालची पेट्रोल मोटार ट्रॅक्टरासारखी गरजू लागली. वाटेतल्या एका गॅरेजात मिस्त्रीने गाडी वर घेतली, बॅटरीने खाली पाहिले आणि मोठ्या आपुलकीने सांगितले, “काका, सांधा तर तुटलाच आहे, पण ही जाळीची पेटीही चोक झाली आहे. कापून सरळ पाईप मारून देतो. पिकअपही वाढेल आणि ॲव्हरेजही.” मुहूर्ताची घाई होती, पिकअप आणि ॲव्हरेज या दोन शब्दांपुढे आपल्याकडे सहसा कोणी वाद घालीत नाही, तेव्हा मी मान डोलावली. तासाभरात पेटी जमिनीवर आणि नळी जागेवर, असे काम आटोपले. अहमदपूर मागे पडून लोह्याच्या आसपास आलो तोच समोरच्या फलकावर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला तो विझेचना, आणि गाडी उभी केली की कच्च्या पेट्रोलाचा उग्र वास नाकात शिरू लागला.

त्या कापून काढलेल्या पेटीत काय होते ते पाहू. आत भाजक्या मातीचे, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे, हजारो बारीक छिद्रांचे एक लोडणे असते आणि त्या छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या धातूंचा अतिसूक्ष्म थर दिलेला असतो. इंजिनातून आलेला कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळालेले पेट्रोल यांचे या थरावर प्राणवायूशी संयोजन होते, आणि नत्राच्या विषारी ऑक्साइडांचे विघटन होऊन साधा नत्रवायू उरतो. धातू मात्र झिजत नाहीत, ते केवळ मध्यस्थी करतात. या मध्यस्थीला साधारण 250 ते 300 अंश सेल्सियसची ऊब लागते, म्हणून सकाळी गाडी सुरू केल्यानंतरची पहिली काही मिनिटे सर्वांत घाणेरडी असतात. फ्रान्समध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या यूजीन हूड्री नामक अभियंत्याने ही युक्ती 1950 च्या दशकातच सिद्ध केली होती, परंतु त्या काळच्या पेट्रोलातील शिसे या धातूंवर पुटासारखे बसून त्यांना निकामी करीत असल्यामुळे ती अडून राहिली, व अमेरिकन मोटारींत ती सर्रास बसू लागली ती 1975 पासून. आपल्याकडे एप्रिल 1995 मध्ये मुंबईसह चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना ती सक्तीची झाली, आणि शिसेविरहित पेट्रोल देशभर, म्हणजे आपल्या मराठवाड्यातही, मिळू लागले ते 1 फेब्रुवारी 2000 पासून.

आता त्या पिवळ्या दिव्याची हकीकत. निजामी अमदानीत आपल्या गावोगावी पटवारी असे, तो पीकपाण्याची नोंद करी. आणि मागाहून गिरदावर फेरीला येऊन ती नोंद रानातल्या उभ्या पिकाशी पडताळून पाही, हे जुन्या मंडळींच्या स्मरणात असेल. पेटीच्या अलीकडचा मापक हा पटवारी होय. बाहेरची हवा आणि नळीतला धूर यांच्यातील प्राणवायूच्या फरकावरून तो व्होल्टच्या दहाव्या हिश्शापासून नऊ दशांशांपर्यंत वीज निर्माण करतो; धुरात प्राणवायू कमी असला तर अधिक, अधिक असला तर कमी; आणि या नोंदीवरून संगणक पेट्रोल घटवतो वा वाढवतो, त्यामुळे त्याची नोंद सदोदित वरखाली होत राहते. पेटी शाबूत असेल तर ती प्राणवायू साठवून व सोडून हे चढउतार पोटात घेते, म्हणून पलीकडच्या गिरदावराची नोंद जवळजवळ स्थिर असावयास हवी. पेटीच नाहीशी झाली की दोघांच्या नोंदी एकसारख्या नाचू लागतात. संगणक काही काळ खातरजमा करतो आणि मग दिवा लावतो. बाजारात यावरही तोड आहे: गिरदावर-मापकाखाली एक पोकळ नट बसवून त्याला धुराच्या प्रवाहापासून दूर ठेवतात, म्हणजे नोंद आपोआप शांत होते. गिरदावराला पाटलाच्या ओसरीवरच चहापाण्यात गुंतवून ठेवावे, रानात जाऊ म्हणून देऊ नये, त्यातलाच हा प्रकार. दफ्तर बरोबर, पीक नाही.

आणि पिकअपचे काय? आतले लोडणे खरोखर वितळून किंवा फुटून तुंबले असेल तर धुराला वाट मिळत नाही व गाडी ओढत नाही, हे खरेच. परंतु लोडणे स्वतःहून वितळत नाही. एखादा प्लग ठिणगी देत नसला की न जळालेले पेट्रोल तसेच पेटीत येऊन तेथे पेटते, किंवा इंजिन ऑइल खात असले की त्याची राख छिद्रांवर बसते. हे मूळ दुखणे तसेच ठेवून पेटी कापणे म्हणजे ताप मोजणारी नळी फोडून ताप उतरला म्हणण्यासारखे आहे. धड असलेली पेटी काढून आजच्या साध्या मोटारीचा वेग जाणवण्याइतका वाढतो, हा माझ्या मते निव्वळ कानांचा भ्रम आहे. गाडी ओरडते म्हणून ती पळते असे वाटते. बुलेटवर फटाके फोडणाऱ्या पोरांची तीच समजूत असते, आणि त्यांच्या सायलेन्सरांवर पोलिसांनी रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे महाराष्ट्रातील अनेक शहरांतून आपण पाहिली आहेत.

मला खरा धक्का बसला तो परतीच्या वाटेवर. नांदेडला एका वयस्क मिस्त्रीने सारा प्रकार समजावून दिल्यावर मी त्या पहिल्या गॅरेजात माझी जुनी पेटी परत मागावयास गेलो, तो “ती भंगारात गेली, काका,” एवढेच उत्तर मिळाले. ज्या वस्तूला मी निरुपयोगी समजून फुकट सोडून आलो होतो, तिच्यासाठी आपल्याच राज्यात चोरांच्या टोळ्या रात्री-अपरात्री हिंडत असतात. मारुती इको या गाडीचे सायलेन्सर चोरल्याच्या फिर्यादी गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील व गुजरातेतील कित्येक ठाण्यांत दाखल झाल्या. चोर पेटी फोडून आतली ‘माती’ काढतात आणि त्या मातीतील प्लॅटिनमादी धातूंसाठी ती विकतात, असा मजकूर वर्तमानपत्रांतून वारंवार आला आहे. सायलेन्सर म्हणजे पुंगळी हा गैरसमज केवळ मालकाचा आहे. चोराला तिचा भाव पक्का ठाऊक आहे.

कायदाही याबाबत मुग्ध नाही. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182-अ अन्वये परवानगीविना केलेल्या प्रत्येक फेरफाराबद्दल मालकास पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते; आणि हवेच्या प्रदूषणाचे प्रमाण मोडणारी गाडी चालवल्याबद्दल कलम 190 अन्वये दहा हजारांपर्यंत दंड वा तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय तीन महिने परवाना बाद. माझ्या गाडीसारख्या बीएस-4 पेट्रोल मोटारीच्या पीयूसीच्या वेळी मंदगती इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड शेकडा 0.3 पेक्षा अधिक चालत नाही. पेटीवाचून हे जमणे मोठे कठीण, आणि दाखला वर्षभराचा असल्यामुळे ज्यांना ते जमले नाही त्यांनी काय काय केले याच्या सुरस कथा वाचकांना माझ्याहून अधिक ठाऊक असतील.

तेव्हा नळी बदलावीच लागली तर जे जसे होते ते तसेच परत जोडले जावे, एवढाच आग्रह मालकाने धरावा. खोलण्यापूर्वी मोबाइलवर खालच्या भागाचे फोटो काढून ठेवावेत. काही गाड्यांत दोन्ही मापकांचे कपलर एकसारखे असतात, आणि त्यांची अदलाबदल झाली की पटवारी गिरदावराच्या खुर्चीवर बसतो व संगणकाचा सगळा हिशेब उलटा होतो. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची ऋण तार व मापक काढून घ्यावेत, पेटीवर हातोडी मारू देऊ नये, कारण आतली माती काचेइतकीच ठिसूळ असते. सांध्याला जुने पॅकिंग पुन्हा वापरू नये, आणि पॅकिंगऐवजी साध्या सिलिकॉनचा लेपही नको. त्याची वाफ मापकाला बाधते. पहिल्या मापकाच्या अलीकडे बारीकशी फट राहिली तर धुराच्या हेलकाव्यांसरशी तेथून बाहेरची हवा आत ओढली जाते, पटवारी ‘पेट्रोल कमी पडते’ अशी नोंद करतो, संगणक अधिक पेट्रोल देतो, आणि ज्या ॲव्हरेजसाठी सारा खटाटोप केला तेच घटते. पेटीवरचा पातळ पत्रा खडखडतो म्हणून काढून टाकण्याची पद्धत आहे. सोयाबीनची रास झाल्यावर शेतात वाळक्या गुळीवर गाडी उभी करणाऱ्यांनी तरी तो पत्रा जागेवर ठेवावा, कारण त्याखालची पेटी काही शे अंश तापलेली असते.

माझ्या गाडीला अखेर कंपनीची नवी पेटी बसवली, दिवा विझला, वास गेला. खर्च सांगत नाही, घरात अजून तो विषय निघतो. डिझेल मोटारींच्या काजळी गाळणाऱ्या फिल्टरचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे आणि आपल्या भागात डिझेल गाड्याच अधिक, सबब त्याचा विचार पुढील आठवड्यात स्वतंत्रपणे करू. तोवर ज्या वाचकांची गाडी या आठवड्यात मिस्त्रीकडे जाणार असेल त्यांना एवढीच विनंती, की काढलेला प्रत्येक तुकडा मागून घ्यावा, मग तो कितीही काळा दिसो.