पंप शेवटी उघडायचा

सकाळी 6.30

शटर उघडण्याआधी बॉनेटवर हात ठेवून पाहतो. गार आहे. ड्रायव्हरने काल सांगितलेलं पाळलं. जुन्या डिझेल गाडीची तपासणी थंड इंजिनावर सुरू करायची असते. पहिल्या सेलला ती जे दाखवते, ते गरम झाल्यावर लपून जातं. म्हणून रात्री गाडी लावून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतो: मी येईपर्यंत सेल मारायचा नाही.

गाडी महिंद्राची कमांडर, डीआय इंजिनाची. नंबर अजून धुळ्याचा, एमएच 18. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी वेगळा झाला आणि पुढे इथल्या गाड्यांना एमएच 39 मिळाला. ही त्याआधीची. शहादा ते धडगाव फेरी मारते. होळी आठवड्यावर आली आहे. गुजरातेत ऊसतोडीला गेलेली माणसं गावाकडे परतताहेत, सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरायला लागले आहेत. जीपवाल्याच्या हातात चार पैसे पडतात ते याच दिवसांत, आणि नेमकी आत्ताच गाडी घाटात बसते आहे.

"सपाटीला पळते, मिस्त्री," ड्रायव्हर सांगतो. "घाट लागला की दहा-पंधरा मिनिटांत दम तोडते. मी ॲक्सिलेटर दाबत जातो, ती मरत जाते. बाजूला घेऊन जरा थांबलो की पुन्हा चढते."

पंप खोलावा लागेल, असं त्याला एका ठिकाणी सांगितलं आहे. खर्चाचा आकडा ऐकून तो इथे आला.

"पंप शेवटी बघू, दादा. आधी पंपाला डिझेल मिळतं का ते बघू."

सकाळी 7.00

पहिला सेल. दोन-तीन फेऱ्यांतच इंजिन धरतं. पांढरा धूर क्षणभर येतो आणि निघून जातो. म्हणजे कॉम्प्रेशन जागेवर आहे. थंडीत एवढ्या लवकर धरणाऱ्या इंजिनाला कुणी खोलायला निघालं, तर त्याचा हात धरावा.

धूर वाचता आला की डिझेल इंजिनाची निम्मी तपासणी होते. काळा धूर म्हणजे डिझेल जातंय, पण ते जाळायला हवा पुरत नाही. नाहीतर नोझल फवारा न करता धार सोडतंय. पांढरा, डोळ्याला झोंबणारा धूर म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय: टायमिंग मागे आहे किंवा कॉम्प्रेशन गेलंय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. आणि जोर जातो पण धूर वाढत नाही, तर इंजिनाला डिझेलच कमी पडतंय.

"घाटात दम तोडते तेव्हा मागे धूर कसा असतो?"

ड्रायव्हर क्लीनरकडे बघतो. मागे लटकून जाणारं पोरगं तेच. ते ठामपणे म्हणतं, "काळा नसतो. धूर कमीच होतो."

घाटात हवा विरळ होते, हे खरं. टर्बो नसलेल्या इंजिनाचा जोर दर शंभर मीटर चढाईला साधारण एक टक्क्याने उतरतो. तोरणमाळ तर हजार मीटरांच्या वर आहे. तिथे साधी जीप जड वाटणारच. पण हवा कमी पडली की धूर काळा होतो, आणि पाच मिनिटं थांबल्याने हवा दाट होत नाही. ही गाडी थांबल्यावर सुधारते. त्या पाच मिनिटांत काय बदलतं, ते शोधायचं.

सकाळी 8.00

आधी फुकटातल्या तपासण्या. क्लीनरला आत बसवून ॲक्सिलेटर पूर्ण दाबायला लावतो आणि पंपावरचा लिव्हर शेवटच्या स्क्रूला टेकतो का ते पाहतो. केबल ताणली गेलेली असली तर पाय तळाला जातो, पण पंपाला अर्धाच हुकूम पोचतो. इथे लिव्हर टेकतो. मग ऑइल बाथ एअर क्लीनर उघडतो. तळाशी धुळीचा चिखल आहे, पण तेलाची पातळी ठीक. धुऊन नवं ऑइल भरतो. एअर काढण्याचे स्क्रू, बॅन्जो बोल्ट, पाइपांचे सांधे कापडाने कोरडे पुसून ठेवतो. तासाभराने जिथे ओल दिसेल तिथे गळती.

हातातलं काम चालू असताना विचारतो, "डिझेल कुठून भरतोस?"

"पंपावरूनच. रात्री वर संपलं तर गावात कॅनमधून घेतो."

एवढं पुरे. पाना टाकीकडे वळवायची वेळ आली आहे. पण संशयावर टाकी उतरवत नाही, आधी पुरावा लागतो.

सकाळी 9.30

टाकीतून येणारा पाइप फीड पंपाशी सोडून मध्ये हातभर पारदर्शक नळी जोडतो. रबरी पाइपाच्या आत काय चाललंय ते बाहेरून कळत नाही. या नळीत ते डोळ्यांनी दिसतं. बुडबुडे आले तर कुठून तरी हवा शिरतेय. इथे एकही नाही. रेस वाढवून धरतो. सुरुवातीला नळी भरलेली. काही मिनिटांनी टाकीजवळचा जुना रबरी पाइप हळूहळू चपटा होऊ लागतो, रसाच्या ग्लासातली नळी खालून बोटाने दाबून ओढावी तसा. फीड पंप ओढतोय आणि मागून डिझेल येत नाही.

ड्रायव्हरला खाली वाकवून तो पाइप दाखवतो. गिऱ्हाइकाने दोष स्वतःच्या डोळ्यांनी बघितला पाहिजे, हा माझ्याकडचा नियम आहे. पैसे त्याचे जाणार आहेत.

सकाळी 11.00

आता खात्री करायची. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये गाळलेलं डिझेल घेतो, मॅनिफोल्डपासून लांब आणि फीड पंपापेक्षा उंच घट्ट बांधतो. ओढणारा आणि परतीचा, दोन्ही पाइप त्यात सोडतो. टाकी पूर्ण बाजूला. प्रकाशा गावाच्या रस्त्याला गाडी काढतो. तापीकाठचा हा पट्टा सपाट, म्हणून भार कृत्रिम द्यावा लागतो: वरच्या गिअरमध्ये कमी वेग, ॲक्सिलेटर पूर्ण आणि डाव्या पायाने हलका ब्रेक, ड्रम तापू न देता, थांबत थांबत. कॅन लावण्याआधी टाकीवर गाडी अशा भाराखाली थोड्याच वेळात मरगळली होती. कॅनवर ती खेचत राहते. परत येईपर्यंत एकदाही दम तोडत नाही.

पंप तोच, नोझलं तीच, इंजिन तेच. बदलली फक्त डिझेल येण्याची वाट. ही चाचणी कुठल्याही खेड्यात, एक कॅन आणि दोन हात पाइप एवढ्यावर करता येते, आणि ती न करता पंप खोलणं हा गिऱ्हाइकावर अन्याय आहे.

दुपारी 12.00

टाकी उतरवतो. तळातलं डिझेल काचेच्या बाटलीत घेऊन उन्हात ठेवतो. अर्ध्या तासात थर वेगळे होतात: वर पिवळसर डिझेल, खाली पाण्याचा बोटभर थर, त्याखाली तांबूस गाळ. आतला ओढनळीचा गोल जाळीदार भाग काढला तर त्यावर गंजाच्या पापुद्र्यांची आणि चिकट गाळाची साय बसली आहे.

आता पाच मिनिटांचं कोडं सुटतं. सपाटीला इंजिन डिझेल थोडं मागतं, ते जाळीतून मिळतं. घाटात मागणी वाढते, ओढ वाढते, गाडी हिंदकळते, तळचा गाळ उठून जाळीला चिकटतो. गाडी बंद केली की ओढ थांबते, गाळ पुन्हा खाली बसतो आणि गाडी बरी झाल्यासारखी वाटते.

टाकी डिझेलनेच खंगाळतो, उन्हात सुकवतो. झाकणातलं हवेचं भोक तारेने मोकळं करतो. ते बुजलं तरी टाकीत निर्वात होऊन हेच लक्षण दिसतं. दोन्ही डिझेल फिल्टर नवे. चपटा झालेला पाइप नवा.

दुपारी 1.30

भाकरी, ठेचा, कांदा. नंदुरबारकडून आलेला टाटा 407 दारात उभा राहतो. पपई भरून नेताना मागे काळ्या धुराचा लोट, जोर नाही. गाडी काही महिने मिरची वाळवण्याच्या पथारीवर राबली आहे. एअर फिल्टर काढून रस्त्यावर आपटतो, लाल धूळ उडते. नवा टाकतो, रेस देतो, धूर फिका पडतो. जेवण पुन्हा सुरू. काळा धूर आधी हवेचं विचारतो. पंपाकडे जायची गरजच पडली नाही.

दुपारी 2.30

कमांडर उभ्या-उभ्या किंचित अडखळते, ते सकाळपासून कानात आहे. इंजिन चालू ठेवून एकेका नोझलचा युनियन नट जरा सैल करतो. पहिला सैल केला, इंजिन डगमगलं. दुसरा, डगमगलं. तिसरा सैल केला तर फरक नाही. म्हणजे तिसरा सिलिंडर मुळातच काम करत नव्हता. चौथा ठीक.

तिसरं नोझल टेस्टरवर लावतो. दांडा दाबला की चांगलं नोझल ठराविक दाबाला, डीआय इंजिनात साधारण दोनशे बारच्या वर, कर्र आवाज करत प्रत्येक भोकातून धुक्यासारखा फवारा सोडतं आणि टोक कोरडं ठेवतं. हे आधीच सुटतं, एका भोकातून धार, टोकाला थेंब. हाताखालच्या पोरांना इथे नेहमी मागे उभं करतो. फवाऱ्यासमोर हात धरायचा नाही. या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत जातं आणि सुरुवातीला दुखतही नाही.

काम किती बारीक आहे ते पोरांना हिशोबाने सांगतो. इंजिन 3000 फेऱ्यांवर असेल तर प्रत्येक नोझल मिनिटाला 1500 वेळा, म्हणजे सेकंदाला 25 वेळा उघडतं. दर वेळी डिझेल थेंब-दोन थेंब. पंपातल्या प्लंजर आणि बॅरलमध्ये फट दोन-तीन मायक्रॉनची. केसाची जाडी त्याच्या वीस-तीसपट. तिथे गंजाचा कण पोचला तर तो ओरखडा काढणारच. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने असे पंप 1927 पासून मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली. आपल्याकडे हे काम मायको या नावाने पोचलं. नाशिकच्या सातपूरला त्यांचा नोझलांचा कारखाना आहे. 2008 मध्ये कंपनीचं नाव बॉश झालं, तरी इथला जुना ड्रायव्हर आजही पंपाला मायकोच म्हणतो.

नवं नोझल टिप बसवतो, दाब जुळवतो, सीटखाली तांब्याचा नवा वॉशर. जुना वॉशर परत बसवला तर कॉम्प्रेशन तिथूनच निसटतं. एअर काढतो. इंजिन आता चारही पायांवर उभं आहे.

दुपारी 4.00

खरी परीक्षा घाटात. मागे रेतीची पोती टाकून म्हसावदच्या पुढे निघतो. ड्रायव्हरला स्टिअरिंग देतो, मी बाजूला बसून कान आणि नळी सांभाळतो. पारदर्शक नळी मुद्दाम अजून काढलेली नाही. चढ लागतो. दहा मिनिटं, पंधरा, वीस. नळी काठोकाठ भरलेली. ज्या वळणावर गाडी रोज बसायची तिथे तो दुसरा गिअर न टाकता तिसऱ्यातच पुढे जातो आणि माझ्याकडे बघतो.

"धूर बघ," मी क्लीनरला ओरडून सांगतो.

"हलका आहे, मिस्त्री."

भाराखाली हलका धूर हवाच. इंजिनाला आता पोटभर मिळतंय.

संध्याकाळी 6.30

हिशोब. दोन फिल्टर, पाइप, नोझल टिप, वॉशर, ऑइल आणि मजुरी. पंपाच्या खर्चापुढे हे काहीच नाही. पंपाचं सील मी तोडलेलं नाही, आणि हे मी बिलावर लिहून देतो. ड्रायव्हरला तीन गोष्टी सांगतो. कॅनचं डिझेल घ्यावंच लागलं तर दाट कापडातून गाळून घे. टाकी रात्री रिकामी ठेवू नकोस. रिकाम्या जागेतली दमट हवा गार झाली की पत्र्यावर पाणी धरतं. फिल्टरच्या तळाचा स्क्रू आठवड्याला सैल करून पाणी सोड. चौथी गोष्ट त्याला आवडत नाही, तरी सांगतो: भोंगऱ्याच्या गर्दीत टपावर माणसं घेऊ नकोस. जोर परत आला म्हणून ब्रेक वाढलेले नाहीत.

संध्याकाळी 7.30

हत्यारं पुसून जागेवर. हाताखालचा पोरगा विचारतो, "नव्या गाड्यांना तर स्कॅनर लागतो. हे शिकून काय करायचं?"

त्याला सांगतो ते इथेही लिहितो. नव्या कॉमन रेल गाड्यांमध्ये दाब हजार-दीड हजार बारच्या पुढे जातो, आणि स्कॅनर "रेल प्रेशर कमी" असं दाखवतो. कमी का, ते तो सांगत नाही. तिथेही टाकी, जाळी, पाइप, फिल्टर हीच वाट आहे, आणि तिथला पंप या पंपापेक्षा कितीतरी महाग. तपासणीचा क्रम बदलत नाही: धूर, हवा, टाकी, पाइप, फिल्टर, नोझल, टायमिंग, आणि सगळ्यात शेवटी पंप. स्वस्ताकडून महागाकडे जायचं, आणि एक पायरी नक्की झाल्याशिवाय पुढची चढायची नाही. सातपुड्यात एका जीपवर एक घर चालतं. बाजाराला, दवाखान्याला, परीक्षेला निघालेली माणसं तिच्यावर अवलंबून असतात. अंदाजाने पंप खोलणारा मिस्त्री त्या घराचा महिना खर्च करतो. क्रमाने जाणारा मिस्त्री तो वाचवतो, आणि आपल्या कामाची किंमत याच फरकात आहे.