काविळीची वाट का पाहावी?

कोणत्याही कारखान्याच्या हिशेबात कच्चा माल, वीज, मजुरी आणि यंत्रांचा घसारा यांची नोंद पैपैने होत असते. परंतु उत्पादनाच्या खर्चाचा एक भाग असा आहे की, तो कोणत्याच खातेवहीत उतरत नाही. रासायनिक द्रावकांच्या वाफा श्वासावाटे आणि कातडीवाटे शरीरात घेणारा कामगार तो खर्च आपल्या यकृतातून भरत असतो. हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते मोजता येत नाही, असा समज आहे. तो खरा नाही. गेली सुमारे सत्तर वर्षे त्याच्या मोजमापाचे एक साधन वैद्यकाच्या हाती आहे आणि त्यासाठी थोडेसे रक्त पुरते.

शरीरातील प्रत्येक पेशीत रासायनिक क्रियांना वेग देणारी प्रथिने, म्हणजेच एन्झाइमे असतात. त्यांचे काम पेशीच्या आत चालते. जुन्या पेशी झिजतात, नव्या येतात. या नित्याच्या घडामोडीत त्यांचा अल्पसा अंश रक्तात सापडतो, एवढेच. परंतु एखाद्या रसायनाने पेशीचे आवरण दुखावले की, आतील एन्झाइमे बाहेर झिरपतात आणि रक्तातील त्यांचे प्रमाण वाढते. १९५४-५५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये लाड्यू, व्रोब्लेव्स्की आणि कारमेन यांनी हृदयविकाराच्या झटक्यानंतर असे एक एन्झाइम रक्तात वाढते, हे दाखवून दिले. लवकरच यकृताच्या विकारांतही तोच प्रत्यय आला. आज गावोगावच्या प्रयोगशाळांच्या अहवालांत छापले जाणारे ‘एसजीओटी’ आणि ‘एसजीपीटी’ हे आकडे त्याच संशोधनाचे फलित होत.

कार्बन टेट्राक्लोराइडचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. एके काळी कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगसाठी आणि आग विझवण्याच्या नळकांड्यांतही हे द्रव्य सर्रास वापरले जाई. ते यकृतात शिरले की यकृतातीलच एन्झाइमे त्याचे अधिक उग्र रूपांतर करतात आणि ते रूप पेशीच्या आवरणातील स्निग्ध द्रव्यांवर तुटून पडते. विषाची विल्हेवाट लावण्याचे काम ज्या अवयवाकडे, त्यालाच त्या कामाची किंमत मोजावी लागते.

यकृताची राखीव शक्ती मोठी असते. त्यामुळे पेशी दुखावल्या जात असतानाही माणूस हिंडताफिरता राहतो, पाळीवर येतो, पगार घेतो. डोळे पिवळे होईपर्यंत बरेच नुकसान होऊन गेलेले असू शकते. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, ज्यांची खबर सरकारला देणे बंधनकारक होते अशा रोगांच्या यादीत, विषारी द्रव्यांमुळे होणाऱ्या काविळीचा समावेश होता. ही तरतूद योग्यच होती. परंतु कावीळ झाल्यावर जागे होणे म्हणजे घर जळाल्यावर विहीर खणण्यासारखे आहे.

लवकर पाहिले तर काय हाती लागते, याचा दाखला अमेरिकेत मिळाला. कापडावर पॉलियुरेथेनचा लेप देणाऱ्या एका कारखान्यात डायमिथाइलफॉर्मामाइड हे द्रावक वापरले जात असे. हवा खेळती नव्हती, कातडीच्या संरक्षणाची सोयही पुरेशी नव्हती. एका कामगाराला यकृतविकार जडल्यानंतर इतरांची तपासणी झाली. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार ६६ पैकी ५८ कामगार तपासले गेले आणि ३६ जणांच्या रक्तात यकृताची एन्झाइमे वाढलेली आढळली. त्यांपैकी ३५ जण उत्पादनविभागातील ४६ कामगारांमधले होते. उरलेल्या १२ कर्मचाऱ्यांत असा एकच निघाला. कामाच्या पद्धती सुधारल्यावर आणि अधिक बाधितांना त्या कामावरून दूर केल्यावर बहुतेकांचे आकडे खाली आले.

यावर एक आक्षेप घेतला जातो. ही एन्झाइमे मद्यपानाने, विषाणूजन्य काविळीने, यकृतातील चरबीने, काही औषधांनी, इतकेच नव्हे तर स्नायूंच्या अतिश्रमानेही वाढतात. मग दोष कारखान्याचाच कशावरून? आक्षेपात तथ्य आहे. एकट्या आकड्यावरून निकाल देता येत नाही. आकडा उतरला म्हणजे प्रकृती सुधारलीच, असेही नव्हे. झिरपण्याजोग्या पेशीच फारशा उरल्या नाहीत, तरी तो उतरतो. परंतु कामावर रुजू होतानाचा आकडा नोंदलेला असेल, ठरावीक मुदतीने तपासणी होत असेल आणि एका खात्याची दुसऱ्या खात्याशी तुलना केली जात असेल, तर संशयाचा बराचसा फायदा संपतो. ४६ पैकी ३५ आणि १२ पैकी १, या तफावतीचे स्पष्टीकरण मद्याच्या बाटलीत शोधता येणार नाही.

खरा प्रश्न त्यापुढचा आहे. हा अहवाल कोणाच्या कपाटात राहणार? आकडा वाढलेल्या कामगाराला उद्यापासून येऊ नकोस असे सांगितले जाणार असेल, तर कोणताही शहाणा कामगार रक्त देण्यासाठी हात पुढे करणार नाही. कंत्राटी पद्धतीत तर हे फारच सोपे असते. माणूस बदलला की नोंदवही कोरी होते, यकृत मात्र त्याच्याबरोबर घरी जाते. जो नुकसान करतो त्यानेच ते भरावे, हे अर्थशास्त्रातील जुने तत्त्व येथे उलटे होते आणि नफा एकाकडे, खर्च दुसऱ्याकडे अशी वाटणी होते.

म्हणून तपासणीच्या सक्तीबरोबर तीन गोष्टी आवश्यक आहेत. अहवाल कामगाराला त्याच्या भाषेत, त्याच्या हाती मिळाला पाहिजे. त्याला धोक्याच्या कामावरून हलवताना त्याचा पगार कापला जाता कामा नये. आणि एका खात्यातील अनेकांचे आकडे वाढले, तर आधी तेथील हवा, द्रावक आणि हातमोजे तपासले जावेत. यंत्राच्या घसाऱ्यासाठी दरवर्षी तरतूद करणाऱ्या उद्योगाला एवढा खर्च जड वाटण्याचे कारण नाही.